जप्त परवान्यावरचा फोटो

प्रति,
मेहेरबान मोटार परवाना अधिकारीसाहेब,
मोटार कचेरी, मुक्काम बेळगाव.

विषय : मयत ड्रायव्हर भरमू तरळेकर याच्या जप्त परवान्यावरील फोटो मिळणेबाबत.
संदर्भ : याच कामी आपल्या कचेरीकडून आलेली दोन नकाराची उत्तरे.

महोदय,

अर्जदारीण नागुबाई कोम भरमू तरळेकर, हल्ली राहणार सांबरा, तालुका बेळगाव, हुजुरास सविनय कळविते की,

१. माझे यजमान निपाणीचे तंबाखू व्यापारी रायाप्पा चौगुले यांच्या लॉरीवर ड्रायव्हर होते. लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा रायाप्पाण्णांनी लॉरी कोळशाच्या गॅसवर चालविण्याची सोय केली. गॅसची भट्टी लॉरीवर बसविली तर मालाला जागा उरेना, म्हणून ती दोन चाकांवर घालून मागे जोडली. बेळगावच्या नाक्यावर आपल्या माणसांनी लॉरी अडवून सांगितले की, मोटारीमागे जे ओढले जाते तो ट्रेलर. ट्रेलरवर त्याचे रिकामे व भरलेले वजन लिहिलेले पाहिजे, आणि भाड्याच्या मालाची गाडी ट्रेलरसह चालविण्यास ड्रायव्हरच्या परवान्यावर तशी परवानगी पाहिजे. भट्टी निपाणीच्या लोहाराने केलेली, तिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते. यजमानांच्या परवान्यावरही तशी परवानगी नव्हती. परवाना जप्त झाला.

२. परवाना परत हवा तर ट्रेलर जोडून चाचणी द्यावी, असा हुकूम झाला. चाचणीस वजनाचा दाखला असलेला ट्रेलर पाहिजे. दाखल्यासाठी भट्टी बेळगावास आणून तोलावी लागे, आणि लॉरीमागे जोडून आणण्यास परवानगी असलेला ड्रायव्हर पाहिजे. तसा ड्रायव्हर निपाणीत कोणी नव्हता. शेवटी यजमानांनी भट्टीला बैल जुंपले. तवंदीचा घाट चढून आम्ही बेळगावास आलो. मी मुलीला पदराखाली घेऊन भट्टीच्या दांडीवर बसले होते. वाटेत लोक विचारीत, "काय रं भरमू, लॉरी कुठं हाय?" यजमान हसून म्हणत, "मागनं येत्या."

३. कचेरीतील कारकून मारुतीराव यांनी भट्टी बाहेर येऊन पाहिली. ते वाईट बोलले नाहीत. ते म्हणाले, "बैलांनी ओढली म्हणजे ही बैलगाडी झाली. ट्रेलर म्हणून मी हिचा दाखला कसा देऊ?" यजमान म्हणाले, "रावसाहेब, मोटारीनं आणली तर धरता, बैलानं आणली तर वळखत न्हाय. मग आणायची कशी?" आम्ही भट्टी परत नेली. रायाप्पाण्णांनी पुढे माल बैलगाड्यांनी पाठविला व लॉरी उभी करून ठेवली. ते यजमानांना म्हणाले, "भरमू, तुझा दोष न्हाय. पर लॉरीच उभी, तर ड्रायव्हर ठेवून करू काय?"

४. यजमान काम शोधीत खडेबाजारात फिरले. विनापरवाना ड्रायव्हर कोणी घेईना. मग ते कॅम्पात गेले. तिथे लष्करासाठी ड्रायव्हर भरती चालली होती. सुभेदारांनी विचारले, "मागं ट्रेलर लावून चालवशील का?" यजमान म्हणाले, "चालवीन, पर माज्याकडं तसलं लायसन न्हाय." सुभेदार म्हणाले, "ते आमच्याकडं लागत न्हाय." हे त्यांनी घरी येऊन मला सांगितले. त्या दिवशी ते खुशीत होते. माझे तोंड पाहून म्हणाले, "का गं? हितं तर कुणी हात लावू देईना गाडीला. तिथं बोलावून देत्यात."

५. ब्रह्मदेशाच्या वाटेवर ते पाण्याच्या टाकीचा ट्रेलर ओढीत होते. तेथेच ते वारले. पलटणीच्या पत्रात फक्त अपघात असे लिहिले आहे. त्यांच्याबरोबर असलेला आमच्या गावचा रवळू परत आल्यावर म्हणाला, "वैनी, टाकी काठोकाठ भरलेली. गाडीला तेवढं झेपतंय का, ते कुणी बघितलं न्हाय. उतार लागला, तसं ट्रेलरनं मागनं गाडी ढकलली. भरमूअण्णानं बिरेक दाबून धरला हुता. पर गाडी थांबंना."

साहेब, हे ऐकल्यापासून मला आपल्या कचेरीवर राग धरता येत नाही. वजन लिहिलेले पाहिजे, हा नियम खोटा नव्हता. इथे तो होता म्हणून त्यांना काम मिळाले नाही आणि तिथे तो नव्हता म्हणून ते गेले. याउपर मला काही कळत नाही. अर्ज लिहिणारे म्हणतात हे वाक्य अर्जात नको. मी राहू द्या म्हटले.

माझे मागणे एवढेच आहे. यजमानांचा फोटो जन्मात एकदाच काढला गेला, तो परवान्यासाठी. त्याची प्रत घरात नाही. कॅम्पातही विचारले, तिथेही नाही. पहिल्या अर्जावर उत्तर आले की, परवानाधारकाने जातीने हजर राहून ट्रेलरसह चाचणी दिल्याशिवाय परवाना परत मिळणार नाही. मी पलटणीच्या पत्राची नक्कल जोडली, तेव्हा दुसरे उत्तर आले की, मयताचा परवाना कोणाच्याही हाती देता येत नाही. मला परवाना नको. त्याचा उपयोगही नाही. त्यावरचा फोटो तेवढा सोडवून द्यावा. मारुतीराव म्हणतात की फोटो परवान्यावरून सोडविला तर दप्तर फाडल्यासारखे होते, आणि मार्चअखेर जुनी दप्तरे जाळणार आहेत. त्यांनी मला तो मेजापलीकडून धरून दाखविला. माझ्या डोळ्यांत पाणी आले, म्हणून मला नीट दिसला नाही.

माझी मुलगी जया हिला बाप आठवत नाही. सांबऱ्यास विमानतळामुळे खाकी कपड्यातली माणसे सारखी येतात-जातात. ती प्रत्येकाकडे बोट करून विचारते, "आई, ह्यो का गं?" मी म्हणते, "न्हाय बाई, ह्यो न्हवं." कसा होता, ते मला सांगता येत नाही.

तरी साहेबांनी मेहेरबान होऊन फोटो द्यावा. देता येत नसेल तर दप्तर जाळण्याआधी एखादा दिवस नेमून कळवावे. मी जयाला घेऊन येईन. तिला मेजापलीकडून का होईना, बापाचे तोंड दाखवावे. ती हात लावणार नाही. यानंतर मी अर्ज करणार नाही.

आपल्या कचेरीच्या दारी आलेली,
नागुबाई कोम भरमू तरळेकर
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

अर्ज सांगितल्याप्रमाणे लिहून वाचून दाखविला : परशराम, अर्जलेखक, खडेबाजार

बेळगाव, तारीख ११ फेब्रुवारी १९४६

सोबत : पलटणीकडील मृत्यूच्या पत्राची नक्कल, पुन्हा एकदा.