बंद केलेला टॅब

मंगळवार, केडगाव, संध्याकाळ

दुपारी, मी सांभाळते त्या डेअरीच्या वेबसाइटवर वर्षाचा अहवाल काढत होते. फार वेळ लागला म्हणून टॅब बंद केला. सर्व्हरवर मात्र त्या अहवालाची क्वेरी, म्हणजे माहिती शोधण्याचं काम, चालूच राहिली आणि सगळी साइट अडकली.

तेव्हाच राहू गावच्या आप्पांची गाय विताना अडली होती. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावण्याची त्यांची साइटवरची नोंद पोचेना. शेवटी त्यांचा मला फोन आला, "ताई, नुसतं चाक फिरतंय. त्यातनं डॉक्टर निघणार हाय का?"

क्वेरी तोडली, डॉक्टरांना पाठवलं. गाय वाचली, वासरू गेलं.

"सर्व्हर अडकला होता," एवढंच मी म्हणाले. आप्पा म्हणाले, "असू द्या, मशीनला काय कळतंय."

टॅब मी बंद केला होता. हे का नाही सांगितलं?

आता पाच मिनिटांवर गेलेली क्वेरी आपोआप तुटेल, तशी सोय केली. आप्पांना अजून फोन लावलेला नाही.