ठमीची रजा आणि मी दिलेला शब्द

प्रिय सौभाग्यवतीस,
तुझ्या ‘अहों’चे भरपूर आशीर्वाद आणि थोडासा नमस्कारही.

आपली ठमी खुशाल आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ छान वाढतंय. पायांवर जरा सूज आहे, एवढंच.

शिवणकारखान्यात कापड बेतायच्या टेबलाशी हल्ली तिचं पोट आधी पोचतं, हात मागून. म्हणून ती तिरकी उभी राहून कापत होती. परवा गठ्ठाभर सदऱ्यांच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या! सुपरवायझरबाई म्हणाल्या, “बाई गं, घरी जा आता. तुझी जागा कुठे जात नाही.” तरी हिचा हट्ट, कामावर येणारच; रजा आत्ताच संपवली तर बाळाजवळ कमी दिवस मिळतील.

मी म्हटलं, “रजा संपली की बाळाला आम्ही आजी-आजोबा सांभाळू.” तेव्हा कुठे मान हलवली. अर्ज मीच लिहिला, शेवटी दोन ओळी यमकात. “बाबा, हा कारखाना आहे, स्नेहसंमेलन नाही,” म्हणत तिनं त्या खोडल्या, पण हसली. आज रजा मंजूर झाली. आता झोपलीय, लहानपणी माझ्या कविता ऐकताना झोपायची तशी.

तुझे गुडघे कसे आहेत? शब्द देताना तुला विचारलं नाही, हे खरं. भांडायचं ते इथे येऊन भांड, पण लवकर ये.

वाटेकडे डोळे लावून,
तुझाच