बुचाखालचे तीन ठोके

मोन्तेविदेओ,
१४ ऑगस्ट १९९४

चि. ग्रासिएलास विल्मारकाकाचे अनेक आशीर्वाद.

बार्सेलोनात तुम्ही सगळे बरे असाल. इथे थंडीनं माझे गुडघे धरलेत. तुझी आई इस्पितळात आहे तशीच आहे. जेवते, माणसं ओळखते, वाचा मात्र अजून आलेली नाही. "काका, तुम्ही वर होतात म्हणून आई वाचली," असं तू लिहिलंयस. त्याला उत्तर म्हणून मी चार पत्रं लिहिली आणि फाडली.

आपलं घर तुला ठाऊकच आहे. जुन्या हवेलीच्या उंच मजल्यांत मधे फळ्या घालून बिऱ्हाडं वाढवलेली, तुझ्या आईचं छत तीच माझी जमीन. मी जरा चाललो की ती खालून ओरडायची, "विल्मार, घोडा पाळलायस का रे?" आणि रोज सकाळी झाडूच्या दांड्यानं छतावर तीन ठोके. म्हणजे मॅतेच्या चहाचं पाणी तापलंय, खाली ये.

जन्मभर सुतारकी केलेला माणूस मी, ते घोड्याचं बोलणं मला लागलं. जुलैत फळ्या उचकटल्या आणि खाली बुचाचे तक्ते अंथरले. शनिवारी काम संपलं.

"ओफेलिया, आता ठोकून बघ. काही ऐकू येणार नाही," मी म्हणालो.

"बढाया मारू नकोस. उद्या बघतेच."

रविवारी नऊला ठोके आले. तीन, पुन्हा तीन, मग नुसतेच वेडेवाकडे. बुचामुळे ऐकू आलं नाही, असं मी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं, पोरी. मी जमिनीला कान लावून बसलो होतो. आवाज किती दबलाय म्हणून खूश होत होतो. म्हातारी हट्टाला पेटलीय, ठोकू दे, म्हणून हसलोसुद्धा. अकराला खाली उतरलो तो शेखी मिरवायला. ती पलंगाशी पडली होती, झाडू हातातच होता.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका होता, लवकर आणलं असतं तर कदाचित बोलली असती.

काल सगळं बूच उपटून टाकलं. पण दोष त्याचा नव्हताच. आई घरी आल्यावर तुम्हीच लक्ष ठेवा, असं तू लिहितेस. हे वाचून मग काय ते ठरव.

आज भेटायला गेलो. मला पाहून तिनं पलंगाच्या दांडीवर डाव्या हातानं तीनदा ठोकलं. मला मान वर करता आली नाही.

ऐकूनही न गेलेला,
विल्मार