अप्पांची जांभळी पेन्सिल

भूम, गुरुवार, १५ फेब्रुवारी १९४५

आज हसू आवरतच नाही.

गल्लीतले किराणावाले शिवलिंगअप्पा बार्शीहून नवी पुस्तकं आणून दुकानातल्या फळीवर ठेवतात. कुणीही न्यावीत, अट एकच. परत देताना पहिल्या कोऱ्या पानावर आपलं मत लिहायचं. मागच्या आठवड्यात मी रहस्यकथा आणली. उघडली तर जांभळ्या पेन्सिलीनं अप्पांचं मत: "छान आहे. खून डॉक्टरनं केला."

असा संताप आला. रहस्यकथेवर असं मत देतं का कुणी? चिडून विहिरींवरचं दुसरं पुस्तक काढलं. तेही चांगलंय, जमिनीत पाणी कसं झिरपतं ते इतकं सोपं सांगितलंय की आमच्या आडात मी आता वाकून वाकून बघते. पण जीव त्या डॉक्टरपाशीच, म्हणून परत रहस्यकथा धरली. गोष्टीत डॉक्टर आला की जांभळी पेन्सिल आठवायची.

आज दुपारी शेवट वाचला. खून वकिलाच्या बायकोनं केला. अप्पांनी लिहिलं नसतं तर मला कदाचित आधीच कळलं असतं. फसल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

तडक दुकानात गेले. "अप्पा, तुम्ही शेवटपर्यंत वाचलं का?"

"न्हाय की," अप्पा गूळ फोडत म्हणाले. "निम्म्यातच कळलं मला. मग पुढं कशाला वाचायचं?"

त्यांचीच पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिलं: "आधी अप्पांचं मत वाचावं, मगच पुस्तक सुरू करावं."

अप्पा वाचून लई खूश झाले.