सव्वीस इंची बेस

१ मार्च, शनिवार
ग्रुपचा बेस ड्रम गेला. कार्यक्रमाहून परत येताना टेम्पोत आडवा ठेवला होता, त्याच्यावर अमित बसला. अमित आमचा कीबोर्डवाला, अंगाने भरलेला. बाकी सेट शाबूत आहे, पण बेसशिवाय ड्रम सेट म्हणजे भांडी घासल्याचा आवाज.

संध्याकाळी राजेशकडे मीटिंग. राजेश गातो, ड्रम मी वाजवतो. ग्रुप त्याने आणि मी मिळून काढला, कॉलेजात असताना. चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम यंदा पहिल्यांदाच आपल्या चाळीने आपल्याला दिलाय, इतकी वर्षं बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणायचे. अख्खा डिलाईल रोड समोर असणार. मी जाहीर केलं की नवा बेस मी घेतो, साइझही मीच ठरवतो. राजेश म्हणाला, जग्या, बेसचं नंतर बघू रे, आधी लय बघ, गेल्या वेळी गाणं तुझ्या मागे धावत होतं. एवढं तोंडभरून कौतुक त्याने आजवर केलं नव्हतं.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी प्रॅक्टिस. उशीवर.

२ मार्च
प्रॅक्टिस नाही. बायकोने, अक्षताने, उशांचे अभ्रे धुवायला काढले. नेमके आजच.

५ मार्च, बुधवार
ऑफिसातून लवकर निघून ठाकूरद्वारला वाद्यांच्या दुकानात. दुकानदार बोलघेवडा. अठरा इंची घेतलात तर आवाज आटोपशीर, वीस सगळ्याला चालतो, बावीस बहुतेक लोक नेतात, चोवीसच्या पुढे गेलात तर घुमतो खूप आणि पायात जोर लागतो. मग विचारतो, तुम्ही वाजवता कसे, हळू की जोरात? मी म्हटलं, ते सोडा, बावीसच्या पुढच्या पानावर अक्षरं किती मावतात?

तो टेप घेऊन पुढचं पान, म्हणजे ड्रमवरचा ताणलेला पडदा, मोजायला लागला. म्हणजे हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता. लोक बेस घेतात आणि नावाचा विचार मागाहून करतात, म्हणून सगळ्या ग्रुपची नावं कडेला जाऊन वाकडी होतात. आमचं नाव ‘संघमित्र सांस्कृतिक कलापथक व भीमगीत मंच, डिलाईल रोड’. खाली ‘ड्रम्स : जगदीश’ हवं. हे शेवटचं मला स्वतःसाठी नको आहे, पण लोकांना कळायला हवं.

८ मार्च
पेपरचे गोल कापले. वीस, बावीस, चोवीस. बावीसमध्ये ‘मंच’ खाली घसरतो. चोवीसमध्ये सगळं बसतं, फक्त मी बसत नाही.

लालबागला कुशाबाकाकांकडे गेलो. जुने पेंटर, फ्लेक्स आल्यापासून घरीच असतात. म्हणाले, शेवटच्या रांगेतून वाचायचं असेल तर अक्षर चार बोटं उंच पाहिजे. चार बोटांनी हिशोब मांडला. सव्वीस इंच. लोक कानाने साइझ ठरवतात, मी अभ्यास करून ठरवली.

९ मार्च, रविवार
रिहर्सल. सव्वीस ऐकून अमित हसला. म्हणाला, जगदीशभाई, आपण भीमगीतं गातो, लढाईला नाय जात. वीस इंची बास झाला, नायतर सरळ ऑक्टोपॅड घेऊया. ऑक्टोपॅड म्हणजे रबरी चौकोनांचं ते इलेक्ट्रॉनिक खेळणं, काठी मारली की ढोलकी, ताशा, बेस, जे हवं ते त्यातून निघतं. मी म्हटलं, ज्यांना हात नाहीत त्यांनी ते वाजवावं. राजेशने लगेच पुढचं गाणं सुरू केलं. मुद्दा पटला असावा.

माझ्या बोलण्याने सगळे इतके भारावले की तिसऱ्या गाण्यात माझ्या मागे राहिले.

१२ मार्च
अक्षताने विचारलं, एवढा मोठा ठेवणार कुठे? म्हटलं, खाटेवर. मग आपण? खाली. ती म्हणाली, बरं. बायकोचा असा पाठिंबा सगळ्यांना मिळत नाही.

दीपिका हल्ली ऑफिस सुटलं की शीवला क्लासला जाते. कसला ते नीट सांगितलं नाही, कॉम्प्युटरचाच असणार. मुलगी शिकतेय याचा आनंद आहे. एकच तक्रार, जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत बसते. आज ओरडलो. म्हटलं, लयीचा मला त्रास होतो.

प्रॅक्टिस नाही. उशी मिळाली, वेळ मिळाला नाही.

१६ मार्च, रविवार
आला! टॅक्सीवाले दोघे नाही म्हणून गेले, तिसऱ्याने टपावर बांधून आणला. डिलाईल रोडला वळताना माणसं वळून बघत होती. चाळीच्या गॅलरीत मात्र अडकला. एका बाजूला कपाटं, दुसऱ्या बाजूला पाण्याची पिंपं. शेजारच्या सुंदराबाईंनी आपलं पिंप बाजूला घेतलं आणि विचारलं, जगदीश, ही टाकी कुठे बसवणार?

खाटेवर मस्त दिसतो. दीपिका झोपायला सुंदराबाईंकडे गेली.

१७ मार्च
ऑफिसातून आलो तर बेसवर सुंदराबाईंच्या कुरडया वाळत. अक्षताची परवानगी होती म्हणे.

२२ मार्च
कुशाबाकाकांनी रंगवला. निळी जमीन, पांढरी अक्षरं, कडेने सोनेरी पट्टी. ऑइलपेंटचे दोन हात. मी म्हटलं अजून एक मारा, टिकेल. ‘ड्रम्स : जगदीश’ दोनदा वाचलं. माझे बाबा मिलमध्ये होते, त्यांचं नाव फक्त हजेरीपटावर असायचं.

२३ मार्च, रविवार
नवीन बेससह पहिली रिहर्सल. सव्वीस इंचामुळे वरचे दोन छोटे ड्रम माझ्या हनुवटीपर्यंत येतात. मला राजेश दिसत नाही, राजेशला मी दिसत नाही. तो म्हणाला, असंच राहू दे.

आवाजाबद्दल मतभेद. अमितचं म्हणणं, गादी झोडल्यासारखं वाटतं, रंगाने पान जड झालंय. मी म्हटलं, हा गंभीर आवाज आहे, बाबासाहेबांच्या गाण्याला गंभीरच हवा. पुढून भोक पाडून आत माइक ठेवला तर आवाज उचलेल, असं अमितने सुचवलं. मी म्हटलं विचार करू आणि सगळ्यांसाठी चहा सांगायला खाली गेलो.

वर आलो तर भोक पाडून झालं होतं. म्हणे, भोक नेहमी खालच्या अंगाला, कडेलाच असतं. आता वाचायला येतं, ‘ड्रम्स : ज’.

मी चहा पाजत होतो आणि हे माझ्या नावात ब्लेड चालवत होते. राजेशने ब्लेड धरलं नव्हतं, पण अडवलंही नाही. पंचवीस वर्षांची दोस्ती. चहा घेतला नाही. (माझा अमितने प्यायला.)

३० मार्च, रविवार
रिहर्सल कॅन्सल, असा राजेशचा मेसेज. गुरुवारचीही कॅन्सल होती. कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला आणि यांना गांभीर्य नाही. माझ्या नावाचं केलं त्याची लाज वाटत असेल, तोंड दाखवायला धजावत नसतील.

प्रॅक्टिस नाही. एकट्याने करून उपयोग काय.

२ एप्रिल
आज दीपिकाचा फोन चार्जिंगला होता, वाजला म्हणून बघितलं. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ‘संघमित्र फायनल’. त्यात राजेश, अमित, कोरसच्या बायका, सगळे. दीपिका. अक्षता सुद्धा. फक्त मी नाही.

पहिल्यांदा पायाखालची जमीन सरकली. मग शांतपणे विचार केला. ज्या ग्रुपमध्ये माझी बायको आहे, मुलगी आहे, आणि मीच नाही, तो ग्रुप कशासाठी असेल? उघड आहे. जयंतीला स्टेजवर माझा सत्कार. भोकाची भरपाई. म्हणून घरात दोघींची कुजबुज चालते आणि मी आलो की बंद होते.

न कळल्याचं दाखवणार आहे. कुणाचा आनंद का हिरावून घ्या.

३ एप्रिल
आभाराचं भाषण लिहायला घेतलं. राजेशला माफ केल्याचं मोघम वाक्य घातलंय. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

५ एप्रिल, शनिवार
ऑफिसातले एक जण शीवच्या हॉस्पिटलमध्ये आहेत, त्यांना बघायला गेलो. परत येताना एका सोसायटीच्या हॉलमधून राजेशचा आवाज. आवाज मी कुठेही ओळखेन. दारातून बघितलं. अमित कीबोर्डवर, कोरस उभा, आणि मधोमध ऑक्टोपॅडवर दीपिका. माझी दीपिका. दोन्ही हातांत काठ्या, डोळे राजेशकडे.

आत गेलो नाही. अख्खं गाणं दाराशी उभा राहून ऐकलं. गाणं कुठेच धावलं नाही.

घरी येऊन कुठे गेलो होतो ते सांगितलं. अक्षताने भाजीचा गॅस बंद केला. म्हणाली, तुम्हाला कोणी सांगायचं? राजेशभावजींनी तीनदा सांगितलं, तुम्ही प्रत्येक वेळी खूश होऊन घरी आलात. म्हटलं, तू सांगायचं. ती म्हणाली, मी खाट दिली तुमच्या बेसला, अजून काय देऊ. चाळीने पहिल्यांदा विश्वास टाकलाय, आपल्याच लोकांसमोर हसं व्हायला नको, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सगळ्यांचं. म्हणजे तिचंही.

दीपिका उशिरा आली. दारातच म्हणाली, बाबा, मी सांगणार होते. मी विचारलं, हे शिकलीस कुठे? ती म्हणाली, लहानपणापासून तुमच्या शेजारी बसूनच शिकले, फक्त तुम्ही पुढे पळायचात तेव्हा मी मनात थांबून राहायचे.

मला फार वाईट वाटलं. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे बोलणार नाही.

६ एप्रिल
ग्रुपचा राजीनामा. जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सविस्तर लिहिला. निष्ठा, स्थापना, विश्वासघात, सगळं आलं. कोणीतरी थांबवेल म्हणून संध्याकाळपर्यंत फोन हातात. अमितने अंगठा टाकला.

१० एप्रिल
राजेश घरी आला. जय भीम घातला. मी उठलो नाही, पण खुर्ची पुढे केली. बराच वेळ सुंदराबाईंच्या तब्येतीवर बोलला. मला वाटलं शब्द जुळवतोय. शेवटी म्हणाला, जग्या, तो बेस देशील का रे चौदा तारखेला?

मी म्हटलं, वाजवणार कोण? तो म्हणाला, वाजवायला नको, समोर ठेवायला हवाय. मंचाचा बोर्ड नाय आपल्याकडे, आणि त्याच्यावर नाव झकास आलंय.

माणूस नको, त्याचा ड्रम हवा. स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. अक्षताने चहा आणला. तो पिऊन होईपर्यंत हो म्हणालो होतो. अट घातली की सन्मानाने न्यायचा. टेम्पोत अमितपासून लांब.

१३ एप्रिल
बेस नेला. खाट मोकळी झाली. तरी खालीच झोपणार आहे.

उद्या कार्यक्रमाला जाणार नाही. ठरलं.

१४ एप्रिल, सोमवार
सकाळी चैत्यभूमीला तिघे एकत्र गेलो. रांगेत भांडण बरं दिसत नाही म्हणून दीपिकाशी बोललो. संध्याकाळी मैदानात गेलो ते केवळ बेसवर लक्ष ठेवायला.

गर्दी खूप. अख्खी चाळ, पलीकडच्या चाळी, गच्चीवरही माणसं. स्टेजला पुढे उतार होता. बेसचे पाय कोणी लावलेच नव्हते, ते काम कायम माझं असायचं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या गाण्याला बेस हलला, दुसऱ्याला पुढे सरकला. राजेश गाता गाता माझ्याकडे बघायला लागला. मी वर चढलो, बेसच्या पुढे मांडी घालून बसलो आणि पाठ टेकून अडवून धरला. तो पूर्ण कार्यक्रम असाच. नाव माझ्या पाठीमागे झाकलं गेलं. लोकांनी फोटो काढले, त्यात निळा गोल आणि मी.

दीपिकाने काय वाजवलं ते मला दिसलं नाही, माझी पाठ तिच्याकडे होती. ऐकू येत होतं. एकदाही चुकली नाही. शेवटच्या गाण्याला माणसं उभी राहिली, गच्चीवरचीही.

मग राजेशने माइकवर कलाकारांची ओळख सुरू केली. कीबोर्ड, अमित. कोरसची नावं. आणि ऑक्टोपॅडवर दीपिका जगदीश मर्चंडे. मधलं नाव ऐकलं आणि मी उठलो. उठून नमस्कार केला. टाळ्या पडत होत्या, मी वाकत होतो, आणि मागे बेस सुटला. माझ्या बाजूने वळून घरंगळत स्टेजवरून उतरला आणि थेट पहिल्या रांगेत गेला. तिथे अक्षता बसली होती. तिने तो पायाने अडवला. टाळ्या वाजवायची थांबली नाही, आणि बघत होती ती दीपिकाकडे.