जयंतरावांना काय सांगू?

प्रिय अक्का,

गुरसरायला थंडी किती, तुझे गुडघे कसे आहेत, सगळं विचारायचं आहे. पण आधी मनातला वैताग ओकतो, नाहीतर हे पत्र पुरं व्हायचं नाही. बाबांच्या मागे इथली, झाशीची मठाची गादी माझ्याकडे आली, तेव्हापासून दिवसा मी वीज कचेरीतला बाबू आणि संध्याकाळी 'महाराज जी'. आरतीला येणारी मराठी घरं मोजकी. त्यांची पोरं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. तेही चालेल. पण माझ्या तोंडावर ‘मंदार, तू चुकतोयस’ म्हणणारा एक माणूस मिळू नये?

झालं असं. जयंतराव तुला आठवत असतील, पालखीपुढे टाळ धरणारे. त्यांच्या मुलीने, रुचिराने, जातीबाहेर, इथल्याच एका बुंदेली मुलाशी लग्न केलं. आता तिला मुलगी झाली आहे आणि बारसं मठात करायचं आहे. जयंतराव म्हणतात, ती मठाची पायरी चढली तर मी पुन्हा येणार नाही. निवाडा माझ्या गळ्यात. सल्ल्यासाठी मठाचे विश्वस्त गजाननशास्त्री यांच्याकडे गेलो. म्हटलं, बारसं मठातच करावं म्हणतो. "बिल्कुल. शास्त्रात कुठे मनाई आहे?" संध्याकाळी मुद्दाम पुन्हा गेलो आणि म्हटलं, नको म्हणतो. तर म्हणाले, "बरोबर आहे. परंपरा भी कोई चीज़ है." वर चहा मागवला. तो चहा मी निमूट प्यायलो, याचाच जास्त राग येतो. बाकीचे विश्वस्त तर "जैसा आप कहें" म्हणून हात जोडून मोकळे. नंदीबैलसुद्धा कधीतरी आडवी मान हलवतो, गं.

शेवटी वैतागून रुचिराकडेच गेलो, लक्ष्मी तालाच्या काठावरच्या तिच्या घरी. बाळ मांडीवर झोपलं होतं. म्हणाली, "काका जी, मठाचं राहू द्या, बारसं मी घरीही करेन. बाबा येतील का, एवढं सांगा." तसाच जयंतरावांकडे गेलो. त्यांनी दारही उघडलं नाही. आतूनच म्हणाले, "तुम्ही महाराज आहात. मुलीचे बाप नाही." खरं आहे. मठाचं दार मी उघडू शकतो, त्यांचे पाय कसे वळवू?

बारसं गुरुवारी मठात होईल, तेवढं मी ठरवलं आहे. त्यासाठी तुझी संमती मागत नाही. तूही जातीबाहेर गेलीस म्हणून बाबा तुझ्या रोहितच्या बारशाला आले नाहीत. मी तेव्हा आठवीत होतो. अर्धी झाशी बाबांना शहाणपण शिकवून गेली, पण तुला कुणी काही विचारलं नाही. म्हणून आज विचारतो. फोनवर विचारायची छाती झाली नाही. त्या दिवशी कुणी बाबांना काय सांगितलं असतं, म्हणजे ते तुझ्या दारी आले असते? तेच मी जयंतरावांना जाऊन सांगेन. आणि कशानेही आले नसते असं वाटत असेल, तर तेही सरळ लिही. माझं मन राखायला तू तरी खोटं बोलणार नाहीस.

तुझाच,
मंदार