दुपारच्या झोपेची चाचणी

फ्लॅट बुश, ऑकलंड
१७ मे २०२६

चि. अनिरुद्धराव यांस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. पत्र लिहायचं कारण असं की माझ्या फोनवर जे येतं ते आरवने त्याच्या टॅबलाही जोडून ठेवलं आहे, आणि माझा हा सहा वर्षांचा नातू येईल तो मेसेज आजीला इंग्रजीत समजावून सांगतो. फोनवर बोलावं तर या घरात सगळे फोन स्पीकरवरच चालतात. टपालपेटी मात्र माझ्या ताब्यात आहे. इथे मुलाकडे राहायला आल्यापासून तेवढं एकच खातं मला मिळालं आहे.

आज अधिक महिना लागला. जावयाला वाण द्यायचा योग तीन वर्षांनी एकदा येतो. तुमच्या सासूबाईंनी मात्र काल जेवताना जाहीर केलं की यंदा वाणबिण काही नाही. गेल्या जूनपासून ती तुमच्याशी बोलत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुग्धाच्या एका फोनमध्ये तिला दोन गोष्टी कळल्या. जावई बंदूक घेऊन डोंगरात हरणं मारायला जातो, आणि जावई गारठून बेशुद्ध पडला, तो ज्या हॉस्पिटलात औषधं देतो तिथेच भरती आहे. यातली कोणती जास्त लागली ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

माझी काळजी वेगळी आहे. मुग्धाला ऑगस्टमध्ये दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून इकडे ये असा हिचा हट्ट. माझी मिडवाइफ इथली, माझं घर इथलं, मी हलणार नाही असा तिचा. आणि तुमच्या घराची पायरी चढणार नाही असं ही बोलून बसली आहे. लेक बाळंतीण आणि आई पाचशे मैलांवर रुसून बसलेली, हे मला बघवणार नाही. म्हणून वाण मी देणार आहे. वाण दिलं की संबंध सुरू, निदान कागदोपत्री.

तरी काय हवं ते संकोच न करता कळवावे. धोतरजोडी मागू नये. मिळेल, पण तुम्ही ती घालणार नाही.

लोभ आहे तो तसाच ठेवावा. वाढलाच तर घरात बोलू नये.

आपला,
शशिकांत


रिकार्टन, ख्राइस्टचर्च
२२ मे २०२६

तीर्थस्वरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हॉस्पिटलच्या फार्मसीत, कामावरच मिळालं. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट ब्रेंटने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं कोणीतरी गेलं, म्हणून त्याने मला आधी चहा करून दिला. ब्रेंट म्हणजे माझ्याबरोबर काम करणारा तोच, ज्याने मला शिकारीला नेलं आणि गेल्या वर्षी खांद्यावर टाकून खालीही आणलं.

मुग्धाची तब्येत उत्तम आहे. ती रोज संध्याकाळी आईंना फोन करते तेव्हा मी शेजारी बसून भाजी चिरत असतो. आई शेवटी विचारतात की तो जेवला का. मुग्धा सांगते की जेवला. वर्षभरात आमचं बोलणं एवढंच झालं आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मला जॅकेट हवं आहे. जुलैत मातारिकीच्या, म्हणजे इथल्या माओरी नववर्षाच्या सुट्टीत ब्रेंटबरोबर पुन्हा जायचं आहे. मुग्धाने परवानगी दिली, पण मागचं जॅकेट दिसलं तर कात्रीने कापीन म्हणाली. ते पिसं भरलेलं होतं. शहरात फिरायला छान असतं. डोंगरात मी चढताना घामाने भिजलो, वरून रिमझिम लागली, पिसांचे गोळे झाले आणि ऊब संपली. थरथर थांबली तेव्हा मला वाटलं आता बरं वाटतंय. ते बरं वाटणं नव्हतं.

तेव्हा आत पिसं नकोत, भिजलं तरी ऊब धरणारं कृत्रिम भरण हवं. बाहेरचं कापड मऊ हवं, खसफसणारं नको, कारण हरणाला रंग फारसा कळत नाही पण आवाज लगेच कळतो. बंदूक उचलताना काखेत ओढलं जाऊ नये. आत लोकरीचे दोन थर घालतो, म्हणून माप एक नंबर मोठं. वरून नारिंगी व्हेस्ट माझं मी घालीन. ते हरणासाठी नाही, दुसऱ्या शिकाऱ्यांनी मलाच हरीण समजू नये यासाठी.

एक गोष्ट मात्र खरी सांगतो, बाबा. वाण दोघांनी मिळून द्यायचं असतं असं माझी आई सांगायची. आईंच्या मनात नसेल तर जॅकेट राहू द्या, मी इथे घेईन. मला जॅकेटपेक्षा त्या बोलायला हव्या आहेत.

आशीर्वाद असावा, आणि जमलं तर दोघांचा.

आपला,
अनिरुद्ध


फ्लॅट बुश
२९ मे २०२६

चि. अनिरुद्धराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमची मागणी वाचून मला फार आनंद झाला. भोसरीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं माल पास-नापास केला. इथे मला कोणी काही तपासायला देत नाही. सूनबाई दुधावरची तारीखसुद्धा स्वतःच बघून घेते.

गुडघ्यासाठी चालून येतो असं सांगून मी बसने शिकारीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने किया ओरा म्हणून स्वागत केलं आणि कशाच्या शिकारीला जाणार असं विचारलं. मी शाकाहारी आहे असं सांगितलं. तिने ते शांतपणे घेतलं. टॅग न काढता, न मळवता परत आणलं तर बदलून मिळेल, स्वीट ॲज, म्हणजे काही अडचण नाही, असं म्हणाली. मी एक जॅकेट घेऊन आलो. तुमच्या अंगापिंडाचं माप यावं म्हणून आत दोन स्वेटर घालतो आणि हिची शाल गुंडाळतो.

थंडीची चाचणी सँडरिंगहॅमला केली. तिथला दुकानदार जगदीश ओळखीचा आहे. त्याच्या फ्रीझरच्या खोलीत पराठे आणि मटार यांच्यामध्ये उभा राहिलो. जगदीश सारखा दार उघडून बघत होता. माझी काळजी होती की मटारची, ते कळलं नाही. थंडीत जॅकेट पास झालं.

आवाजाची अडचण होती. हरीण कुठून आणणार? मग लक्षात आलं की हरणापेक्षा तिखट कान घरातच आहेत. मला साखर निघाल्यापासून मी बिस्किटाच्या पुड्याला हात लावला की ही वरच्या मजल्यावरून विचारते कोण आहे. दुपारी जेवण झालं की ती लाउंजमध्ये सोफ्यावर झोपते. पलीकडे पॅन्ट्री आहे आणि पॅन्ट्रीत वरच्या फळीवर अनारशांचा डबा आहे. तुम्हाला वाण नाही म्हणाली, तेव्हा देवळात द्यायला केले असावेत. बंदूक उचलायला आणि तो डबा काढायला हात सारख्याच उंचीवर जातात. तेव्हा जॅकेट घालून सोफ्याजवळून जायचं, डबा काढायचा, पुरावा म्हणून एक अनारसा घ्यायचा आणि परत यायचं. तिला जाग आली नाही तर जॅकेट पास.

पहिलं नापास झालं. मी अर्ध्या वाटेवर असताना तिने डोळे न उघडता सांगितलं की पाणी प्यायला उठलाच आहात तर मलाही आणा. मी आणून दिलं. डोळे मिटूनच प्यायली, म्हणून वाचलो. दोष टॅगचाही असेल, तो पुठ्ठ्याचा आहे. यापुढे टॅगला कपड्यांचा चिमटा लावणार.

वाण दोघांनी द्यायचं असतं हे मान्य. पण ती चाचणीत सामील आहेच, झोपेत का होईना.

लोभ चालू ठेवावा. तपशील नंतर कळवतो.

आपला,
शशिकांत


रिकार्टन
३ जून २०२६

तीर्थस्वरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची पद्धत ब्रेंटला समजावून सांगितली. त्याला हसू आवरेना, आणि मग गंभीर होऊन म्हणाला की जॅकेट बनवणाऱ्यांनी ही चाचणी ठेवायला हवी.

औषधं देणारा माणूस म्हणून मात्र हात जोडून विनंती, की अनारसा पुराव्यादाखल नुसता हातात घ्यावा, खाऊ नये. आणि एक राहिलंच. ओलं करून बघितलंत का? मला मागच्या वेळी थंडीने नाही, पाण्याने धरलं. दुकानात सगळीच जॅकेटं चांगली दिसतात.

मुग्धा काल माझ्यावर उगाच चिडली आणि मग रडली. आईची आठवण येते असं म्हणाली नाही, पण मी काय ते ओळखलं. बाळाची खोली तयार आहे. खिडकीशी एक जास्तीचा पलंग टाकून ठेवला आहे. कोणासाठी, ते आम्ही बोलत नाही.

साखर सांभाळावी आणि आशीर्वाद द्यावा.

आपला,
अनिरुद्ध


फ्लॅट बुश
६ जून २०२६

चि. अनिरुद्धराव यांस,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. पहिलं परत करून तपकिरी आणि हिरवं, अशी दोन नवी जॅकेटं घरी आणून तपासली. टॅगला चिमटा लावला होता. दोन्ही पास. तीन-तीन दुपारी फेऱ्या मारल्या, हिची पापणीसुद्धा हलली नाही. वय झालं, आता झोप गाढ लागते असं दिसतं. अनारशांविषयी तुमची सूचना उशिरा पोचली.

ओलं करून बघता येत नाही, कारण भिजवलेला माल दुकान परत घेणार नाही आणि दोन ठेवून मी काय करू? दोन्हींच्या टॅगवर भिजलं तरी ऊब राहते असं छापलेलं आहे. छापलेल्यावर विश्वास ठेवायची माझी पद्धत नाही, पण इलाज नाही.

माझा कल तपकिरीकडे आहे. खिसे जास्त आहेत. बुधवारी हिरवं परत करून येतो आणि तपकिरी पोस्टाने पाठवतो. अधिक संपायच्या आत मिळेल.

हिच्याकडे परवा विषय काढून पाहिला. मुग्धाकडे एकदा जाऊन यावं का, एवढंच विचारलं. ती सरळ तांदूळ भिजत घालायला उठली. मला आता आशा वाटत नाही, अनिरुद्धराव. जॅकेट मात्र उत्तम आहे.

लोभ असावा. माझ्या एकट्याचा धरून चालावं लागेल असं दिसतं.

आपला,
शशिकांत


फ्लॅट बुश
९ जून २०२६

चि. अनिरुद्धराव यांस,
स्नेहलताचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या सासऱ्यांना कागदावर उतरवण्याआधी प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघायची सवय आहे. आलेलं पत्रही ते तसंच वाचतात. बसतात डेकवर, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी डेकवरच उघडते. तेव्हा तुमचा सगळा पत्रव्यवहार मला पाठ आहे.

दुपारी मी झोपले नव्हते. दोन स्वेटर, माझी शाल आणि त्यावर शिकारीचं जॅकेट घातलेला माणूस टॅगला चिमटा लावून घरातून चवड्यांवर चालतोय, अशात कोणाला झोप लागेल? पण बोलले नाही. या देशात आल्यापासून त्यांना एवढं काम कोणी दिलं नव्हतं. अनारसा घेऊन परत जाताना चेहरा इतका खूष असायचा की म्हटलं, जाऊ दे. साखर वाढली ती मी भात कमी करून उतरवते आहे.

तपकिरी घेऊ नका. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. उजव्या काखेत ते करकर वाजतं. हिरव्याच्या वेळी मी वाट बघत पडले होते, आणि मला वाटलं आज काही हे येत नाहीत. उठून डबा बघितला तर एक अनारसा कमी.

पण आवाजाचं मला काय करायचंय? तुम्ही काही आवाजाने मरणार नव्हता. ओलं करून बघितलं का असं तुम्ही विचारलंत आणि यांनी टॅगचं निमित्त सांगितलं. म्हणून आज सकाळी हे लायब्ररीत गेल्यावर मी हिरवं जॅकेट अंगात घातलं, मागच्या अंगणात उभी राहिले आणि बागेची नळी डोक्यावर धरली. गवतावर अजून दहिवर होतं. शेजारच्या सामोअन बाईंनी कुंपणावरून डोकावून विचारलं की सगळं ठीक आहे ना. जावयासाठी, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत.

पाय बधिर झाले, दात वाजायला लागले, पण छातीत ऊब टिकून होती. आणि तिथेच मला रडू फुटलं. गेल्या जूनमध्ये तुम्ही असेच भिजून उभे होतात आणि अंगात ते पिसांचं ओलंगच्च बोचकं. अहो, मी बोलले नाही ते हरणासाठी नाही. हरणाचं तुम्ही आणि देव बघून घ्या. मी घाबरले होते. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि जावयापुढे काय रडायचं, म्हणून बोलायचंच टाळलं. ते महिनाभर टाळलं आणि मग सुरुवात कशी करायची ते कळेना. रोज मुग्धाला विचारत होते की तो जेवला का. तुम्हाला ते समजत असेल असं मी धरून चालले होते.

आता भिजलेलं जॅकेट दुकान परत घेत नाही, तेव्हा हिरवं तुमचं. दोरीवर वाळत घातलं आहे. ते तिथे कसं गेलं, हे यांना अजून विचारायचा धीर झालेला नाही.

अनारसे देवळासाठी आहेत असं मी कधीच म्हटलं नव्हतं. यांनी खाल्ले तेवढे पुन्हा तळून तेहतीस पुरे केलेत. वाण पोस्टाने पाठवत नाहीत. रविवारी, अधिक संपायच्या आत, आम्ही दोघं येतो आहोत. त्यांचं तिकीट परतीचं काढलं आहे, माझं नाही. मुग्धाला फोनवर सांगेन, तुम्हाला आधी सांगायचं होतं म्हणून हे पत्र कुरिअरने धाडते. विमानतळावर या. जॅकेट तिथेच घालून, हात वर करून दाखवायचं. जुलैत खुशाल जा, पण डोंगर उतरलात की फोन मला करायचा, मुग्धाला नंतर. खिडकीशी पलंग आहे म्हणालात, तिथून वारा येतो. तो भिंतीकडे सरकवून ठेवा.

लोभ होताच. बोलत नव्हते एवढंच.

स्नेहलता